नमुन्याची बाटली

पंचेचाळीस वर्षं तरी झाली असतील, ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही — आणि ती तर मी बाहेर काय खाऊन आलो तेही चेहऱ्यावरून ओळखायची. डोमाजीला बहुधा कळलं होतं, पण त्याला कळणं वेगळं आणि मी तोंडानं सांगणं वेगळं. आज लिहायला बसलोय खरा. सकाळपासून दोनदा चहा झाला, एकदा उगाच गच्चीवर जाऊन टाकी भरली की नाही ते पाहून आलो, आणि कागद अजून कोराच होता. तुम्ही समोर बसला असता तर मी बोललोच नसतो. तुमचा चेहरा दिसत नाही, तेवढंच बरं आहे.

मी नागपूरच्या विमानतळावर इंधनाच्या टँकरवर कामाला होतो. माझी सासुरवाडी भिवापूरची. तिथे मिरच्यांच्या ढिगाशी देठं खुडत बसलेल्या बाया मला पाहिलं की एकमेकींना म्हणायच्या, "आले वं विमानवाले जवाई!" आणि मी कधी नाही म्हणालो नाही. खरं तर मी आयुष्यात एकदाही विमानात बसलेलो नाही. विमानाच्या पोटाशी जायचं, नळी लावायची, इंधन भरायचं, नळी काढायची, सही घ्यायची — एवढंच माझं काम. पण ऐट मात्र चार वैमानिकांना पुरून उरेल एवढी. खाकी कपड्यांना रोज इस्त्री, बुटांना पॉलिश, आणि आपल्याला सगळं कळतं असा तोरा. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात या तोऱ्यातच आहे.

विमानाच्या इंधनाला एकच भीती — पाण्याची. जेट विमानाचं इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचा सख्खा भाऊ. पाणी त्याच्यापेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं. टँकरचं झाकण नीट बसलं नसेल आणि पाऊस झाला, की आत शिरतं. तिथून विमानाच्या टाकीत, तिथून इंजिनात. आणि पाण्यावर आग पेटत नाही, हे काय सांगायला हवं? म्हणून रोज सकाळी, आणि पाऊस झाला असेल तर न चुकता, टँकर तासभर एका जागी उभा ठेवायचा, आतलं पाणी खाली बसू द्यायचं, मग तळाचा नळ सोडून काचेच्या बाटलीत नमुना घ्यायचा. बाटली उन्हात धरायची. तळाशी मणी चमकले की ते पाणी. मणी दिसेनासे होईपर्यंत नळ सोडत राहायचा. मग स्वच्छ बाटली भरून तिला चिठ्ठी बांधायची, वैमानिकाला दाखवायची, आणि विमान पुढच्या मुक्कामी पोचल्याचा निरोप येईपर्यंत ती जपून ठेवायची. कुठे काही झालंच, तर चौकशीत ती बाटली पहिली मागतात.

डोमाजी माझ्यासोबत त्याच टँकरवर. वयानं दहा वर्षांनी मोठा, हळू, अबोल. तो बाटली उन्हात धरायचा, फिरवायचा, पुन्हा धरायचा, चष्मा पुसून पुन्हा. मी त्याला सगळ्यांसमोर 'पाणक्या' म्हणायचो. तो रागवायचा नाही. एकदाच म्हणाला होता, "हासून घे गा. वरतं गेलेल्या मानसाले खाली उतरून पाह्यता येत नाही." त्यावरही मी हसलोच होतो.

आता ती बाटली. शेडमधल्या फळीवर, तेलाच्या डब्यांच्या मागे, मी एक भरलेली बाटली कायम ठेवलेली असे. अशाच एका कोरड्या दिवशी भरलेली, अगदी निर्मळ. कुणी साहेब तपासणीला आला, किंवा घाई असली, की तीच पुढे करायची. नवी चिठ्ठी बांधली की झालं. यात काही फसवणूक आहे असं मला वाटायचंच नाही. टँकरमध्येही असंच असणार, मग बाटली आजची काय आणि मागच्या सोमवारची काय — असं मी मनाशी म्हणायचो. डोमाजीनं दोनदा ती ओतून टाकली. मी दोनदा पुन्हा भरून ठेवली.

अजून मी मुद्द्याला हात घातलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलंय.

एकाहत्तरचं मोठं युद्ध होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मे महिना. टँकरच्या वरच्या झाकणाचं रबरी वायसर तडकलेलं होतं. नवं आलेलं होतं — तीन आठवडे शेडमधल्या खिळ्याला टांगून होतं. अर्ध्या तासाचं काम. पण टँकरच्या पत्र्यावर मे महिन्यात चढायचं म्हणजे तव्यावर चढायचं, आणि डोमाजीच्या गुडघ्यांना शिडी झेपत नव्हती. म्हणजे काम माझंच. तो रोज विचारायचा, मी रोज उद्या म्हणायचो. एका संध्याकाळी अचानक आभाळ भरून आलं आणि गारांचा पाऊस झाला. अर्धा तास असा काही कोसळला, की संत्र्याच्या बागा झोडपून निघाल्या. मी घरी होतो. बायकोनं कांद्याची भजी काढली होती. पत्र्यावर गारा ताडताड वाजत होत्या आणि मला आठवलं — वायसर. टँकर उघड्यावर उभा आहे आणि झाकणाचं वायसर तडकलेलं आहे, हे मला स्पष्ट आठवलं. आठवलं, आणि मी आणखी भजी मागितली.

दुसऱ्या दिवशी डोमाजी रजेवर होता, रामटेककडच्या एका गावात त्याच्या भाचीचं लग्न होतं. दक्षिणेकडून दोन लढाऊ विमानं उत्तरेला निघाली होती, वाटेत आमच्याकडे इंधन घेणार होती. मी कामावर पोचलो तोच उशिरा. विमानं उतरलेली. घाईत मी नमुना न घेताच टँकर जागेवरून हलवून विमानाशी नेला, म्हणजे आतलं सगळं ढवळून निघालं, मग पुन्हा तासभर थांबा. पहिल्या विमानाला दुसरा टँकर लागला होता आणि तिथली माणसं माझ्याकडे पाहून हातवारे करत होती. एक तास. फक्त एक तास थांबायचं होतं. वैमानिकाला सांगितलं असतं, साहेब, काल पाऊस झालाय, तासभर लागेल, तर त्यानं काय माझं डोकं फोडलं असतं? पण मग उशीर कुणामुळे झाला ते सगळ्यांना दिसलं असतं. मी शेडमध्ये गेलो, तेलाच्या डब्यांमागची बाटली बाहेर काढली, आणि चिठ्ठीवर त्या दिवशीची तारीख घातली.

वैमानिकाचं नाव जगदाळे. फ्लाइट लेफ्टनंट. सव्वीस-सत्तावीसचे असतील, साताऱ्याकडचे. माझ्या तोंडची मराठी ऐकून खुलले. माझ्या हातातून बाटली घेऊन त्यांनी स्वतः उन्हात धरली, अगदी डोमाजीसारखी फिरवून पाहिली. इतर बरेच वैमानिक लांबूनच मान हलवायचे. हे तसे नव्हते. म्हणाले, "गंगाजल आहे की, दादा!" आणि माझ्या कागदावर सही केली.

मी हसून त्यांच्या विमानाला नळी लावली.

दोन्ही विमानं उडाली. दहा-बारा मिनिटं झाली असतील, मी नळी गुंडाळत होतो, आणि भोंगा वाजला. आगीचे बंब धावपट्टीकडे सुटले. कुणीतरी ओरडलं, दुसऱ्या विमानाचं इंजिन बंद पडलंय, परत येतंय. मला काही विचार करावा लागला नाही. क्षणात सगळं कळलं — गारा, वायसर, बाटली, सगळं ओळीनं.

तुम्ही लढाऊ विमान उतरताना ऐकलं असेल. कानठळ्या बसतात. हे आलं ते आवाजाशिवाय. नुसती वाऱ्याची शीळ. आम्ही वीस-पंचवीस माणसं उभी होतो. त्या विमानाला इंजिन एकच. ते बंद पडलं की ते लोखंडाचं ओझं आहे, फार तर थोडं लांब जाऊन पडणार. छत्री घेऊन उडी मारायची मुभा त्यांना होती. नंतर कळलं, वरून तसा हुकूमच मिळाला होता. पण खाली गावं होती, पुढे शहराची वस्ती होती, म्हणून ते बसून राहिले. तीनदा इंजिन पेटवायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा फसला. मग सगळं लक्ष उंचीवर ठेवलं. थोडी जरी उंची आधी गमावली असती तर धावपट्टीच्या अलीकडे आपटले असते. चाकं अगदी शेवटी खाली आली. विमान टेकलं ते धावपट्टीवर बऱ्याच पुढे, भयंकर वेगात. मागची छत्री उघडली, दोन्ही टायर फुटले, धूर झाला, आणि कुंपणाच्या अलीकडे, फार तर पन्नास पावलांवर, ते थांबलं.

माणसं नाचायला लागली. आमची शेड त्याच टोकाला होती, मी धावत सुटलो. बंबवाल्यांच्याही आधी मी तिथे पोचलो, हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन. लोकांनी ते पाहिलं आणि नंतर त्याचं कौतुक केलं. मी का धावत होतो, ते तुम्हाला सांगतो. मला पाहायचं होतं, टाक्या फुटल्यात का. फुटल्या असत्या तर इंधन सांडून गेलं असतं आणि मी सुटलो असतो. जगदाळे साहेब खाली उतरले, पंखाच्या सावलीत बसले, बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मला पाहून म्हणाले, "दादा, आलो बुवा परत." आणि हसले.

टाक्या शाबूत होत्या.

इथवर जे झालं ती माझी चूक होती. आळस, हलगर्जीपणा, काय हवं ते म्हणा. मी तेव्हाच, त्या पंखाखाली, दोन वाक्यं बोललो असतो तर नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही झाला असता. पण आज हे लिहायला बसावं लागलं नसतं. जे लिहायचंय ते यापुढे आहे.

विमानातलं इंधन काढून घ्यायचं, आणि चौकशीसाठी टाकीच्या तळातून नमुने भरायचे, हे काम कुणाचं? इंधनवाल्याचं. म्हणजे माझं. नमुन्यांवर पहारा ठेवायला एक शिपाई दिला होता. तो बिचारा विमानाचे फुटलेले टायर पाहण्यात गुंग. मी बादली लावली, नळ सोडला, आणि आधी वाहू दिलं. बादलीच्या तळाशी पाणी दिसलं. मी डोळ्यांनी पाहिलं — मणी नव्हे, चांगलं ओंजळभर पाणी, आणि वर ते इंधन. मी वाहू दिलं, दुसरी बादली लावली, आणि स्वच्छ धार लागल्यावर मग बाटल्या भरल्या. शिपायानं त्यांना लाख लावून मोहर केली. बादल्या मी धावपट्टीच्या कडेला ओतल्या. मे महिन्यातलं काँक्रीट ते. पाणी तर बघता बघता उडून गेलं.

मग टँकर शेडमागे नेला, तळाचं सगळं सोडून दिलं, आणि शिडी लावून त्या तापलेल्या पत्र्यावर चढलो. तीन आठवडे जे काम झालं नव्हतं ते वीस मिनिटांत झालं. जुनं वायसर चिरून नाल्यात फेकलं. गुडघे भाजले. बायकोनं तेल लावून दिलं आणि विचारलं, "काहून एवढं करता हो जिवावर उदार होऊन?" मी म्हणालो, ड्यूटी.

डोमाजी दोन दिवसांनी आला. टँकरभोवती एक फेरी मारली, वर पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं. "काहून गा, वायसर कवा बदललं?" मी म्हणालो, तू घरी गेलास त्याच संध्याकाळी, पावसाच्या आधी. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग फळीपाशी गेला, डबे बाजूला सारले, तिथली रिकामी जागा पाहिली, आणि डबे पुन्हा होते तसे लावले. त्यानंतर आम्ही आणखी सहा वर्षं एकत्र काम केलं. त्यानं मला कधी विचारलं नाही, आणि मी डब्यांमागे भरलेली बाटली पुन्हा कधी ठेवली नाही.

चौकशी पंधरा दिवस चालली. बाहेरून तज्ज्ञ आले. इंजिन उघडलं, त्यात काही बिघाड नाही. गाळणीत पाण्याचे चार थेंब सापडले. चार थेंब हवेतल्या दमटपणानंही जमतात, तेवढ्यानं इंजिन बंद पडत नाही, असं ठरलं. विमानातले नमुने स्वच्छ. टँकर स्वच्छ. आणि मोहर करून टेबलावर मांडलेली माझी बाटली — ती तर सगळ्यांत स्वच्छ. मग राहिलं काय? राहिला माणूस. त्या विमानात इंधन बंद करायचा एक दांडा होता, आणि त्याच्या शेजारीच दुसरा, उड्डाणानंतर हलवायचा. चुकून एकाऐवजी दुसरा ओढला जाऊ शकतो. विमान थांबलं तेव्हा इंधनाचा दांडा बंदच होता. तो आपण उतरताना नियमाप्रमाणे बंद केला, असं जगदाळे साहेब सांगत होते. पण त्याआधीच बंद झाला नसेल कशावरून? ज्यांनी त्यांना पहिल्या दिवशी खांद्यावर घेतलं होतं, तेच आता त्यांच्यासमोरून जाताना घड्याळ पाहायला लागले.

मला बोलावलं. मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. तासभर टँकर उभा ठेवला होता का? होय साहेब. नमुना त्याच सकाळचा? होय साहेब. दहा मिनिटांत मोकळा झालो.

हेही मी कदाचित पचवलं असतं. साहेबांसमोर खोटं बोलणारे खूप असतात. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जगदाळे साहेब स्वतः शेडमध्ये आले. साध्या कपड्यांत, एकटे. डोमाजी जेवायला गेला होता. ते उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसले. डोळे खोल गेले होते. मग म्हणाले, "दादा, एक विचारतो, रागावू नका. ती बाटली त्याच सकाळची होती ना?"

मी फडकं उचलून हात पुसायला लागलो. ते घाईनं म्हणाले, "तुमच्यावर संशय नाही हो. मला फक्त माझ्यासाठी हवंय. तो दांडा मी ओढला असं मला आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे ओढला नाही, असं कसं म्हणू? गेले दहा दिवस मी या हाताकडे बघतोय. तुम्ही हो म्हणालात की विषय संपला. मग हात माझाच."

त्यांनी उजवा हात पुढे धरला होता, तळवा वर करून. माझ्यासमोर. जणू मीच त्यावर काही वाचून सांगणार होतो.

आता तुम्हीच पाहा, इथे मला कुणी धमकावत नव्हतं. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. एक थकलेला माणूस माझ्याकडून खरं ऐकायला आला होता, आणि ते मी सांगेन असा त्याला भरवसा होता. मी नुसतं 'आठवत नाही' म्हणालो असतो तरी त्याचा हात सुटला असता. मी म्हणालो, "त्याच सकाळची साहेब. मी सोता भरली. माह्या लेकीची आन घेऊन सांगतो."

मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

त्यांनी डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला. उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं विचारलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकशीत सांगितलं, की आपल्या हातून चूक झाली नाही असं आपण खात्रीनं सांगू शकत नाही. एवढं पुरलं. त्यांना लढाऊ विमानांवरून काढलं. काही महिन्यांनी मला विमानतळाकडून प्रशस्तिपत्र मिळालं, प्रसंगावधानाबद्दल. बायकोनं ते चौकट करून बैठकीत लावलं आणि येईल त्याला दाखवलं. मी तिला एकदाही काढ म्हणालो नाही.

मुलीला काही झालं नाही, हेही सांगून टाकतो. ती सुखात आहे, तिला नातवंडं व्हायची वेळ आली. त्या शपथेपायी तिला कधी ताप आला तरी मी रात्र बसून काढायचो, पण ते माझं भित्रेपण झालं, पश्चात्ताप नव्हे.

पुढे आठ-नऊ वर्षांनी जगदाळे साहेब मला पुन्हा भेटले. डोमाजी तोवर निवृत्त होऊन हिंगण्याला मुलाकडे राहायला गेला होता आणि आजारी होता, त्याला पाहून मी परत निघालो होतो. बस-थांब्यावर कारखान्यांची पहिली पाळी सुटलेली, मोटरसायकलींची धूळ उडत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, ओळखलंत का?" केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण आवाज तोच. नोकरी सोडली होती. बायको नागपूरची, म्हणून इकडेच राहिले. एका कारखान्यात हजेरी-रजेचं काम पाहत होते.

मला वाटलं होतं, हा माणूस माझं तोंडही पाहणार नाही. पण ते खुशीत होते. त्यांनी मला चहा पाजला. सहज विचारावं म्हणून मी विचारलं, गाडी नाही का घेतली साहेब? ते म्हणाले, "छे, मी काही चालवतच नाही. सायकलसुद्धा नाही. घरी गॅस बंद केला तरी हिला म्हणतो, तू एकदा बघ. हाताचा काय नेम?" हे ते हसत म्हणाले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी स्पष्ट सांगितलंत, त्याचे उपकार आहेत. नाहीतर मी जन्मभर दुसऱ्या कुणावर तरी संशय घेत बसलो असतो. निदान तेवढं पाप टळलं."

चहाचा पेला माझ्या हातात होता. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "होत असते साहेब. मानूस आहे." मी त्यांना माफ केलं, कळतंय का तुम्हाला? त्या थांब्यावर उभं राहून मी त्यांना माफ केलं.

थोड्या वेळात त्यांच्या पत्नी मोपेडवर घ्यायला आल्या. ते डबा मांडीवर घेऊन मागे बसले आणि दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून गेले. डोमाजी त्याच महिन्यात वारला. मरताना त्यानं मला काही विचारलं नाही.

मग मी निवृत्त झालो. बायको गेली. एवढी वर्षं मला वाटत होतं, की हे आता माझ्यासोबतच जाईल. गेल्या महिन्यात बँकेत पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. रांगेत माझ्या पुढे दोन माणसं सोडून एक म्हातारा. खिडकीतल्या मुलीला म्हणत होता, "बाळ, बरोबर भरलंय का बघ ना." तिनं पाहिलं, बरोबर आहे म्हणाली. तो सही करायला वाकला, थांबला, "पुन्हा एकदा बघतेस का? माझ्याकडून चुकतं." मागची माणसं कुरकुरायला लागली. ती मुलगी शहाणी, तिनं पुन्हा पाहिलं. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरून सही केली.

मी रांगेतून बाहेर पडलो. बाहेर येऊन झाडाच्या मागे उभा राहिलो, ते मला दिसू नयेत म्हणून नव्हे — मी त्यांना दिसू नये म्हणून. त्यांच्या पत्नी रिक्षा थांबवून उभ्या होत्या. दोघं बसली. मी त्यांच्या मागोमाग गेलो, आणि ते कुठे राहतात ते पाहून आलो. खालच्या मजल्यावर घर आहे, दारात जास्वंद आहे, पाटीवर नुसतं 'जगदाळे' लिहिलंय, हुद्दा नाही.

माझ्या घरापासून पायी वीस मिनिटांचा रस्ता आहे. त्या दिवसापासून आजवर चारदा त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन आलो. काल गेलो तेव्हा ते दारात उभे होते, कुलूप लावून झाल्यावर ते ओढून पाहत होते. सहा वेळा ओढून पाहिलं.

मी परत फिरलो, घरी आलो, आणि आज हे तुम्हाला लिहिलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.